आतड्यातले जिवाणू आणि जीवनसत्त्वं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

‘पोटातले जिवाणू जीवनसत्त्वं तयार करतात’ हे वाक्य हल्ली सगळीकडे ऐकू येतं आणि ते खरंही आहे. पण त्यावरून लोक जे निष्कर्ष काढतात (बी-१२ ची गोळी बंद करा, बाळाला इंजेक्शन नको, रोज दही खाल्लं की झालं) ते बऱ्याचदा चुकतात आणि कधीकधी महागात पडतात. वाचक पुन्हा पुन्हा जे विचारतात ते इथे एका जागी आणलं आहे. प्रश्नांना क्रमांक दिले आहेत, म्हणजे एकच गोष्ट दोनदा सांगावी लागणार नाही.

१. आतड्यात जिवाणू असतात म्हणजे नेमके कुठे आणि किती?

बहुतेक सगळे मोठ्या आतड्यात. जठरातल्या आम्लात फारसे जिवाणू टिकत नाहीत. लहान आतड्यातून अन्न वेगानं पुढे सरकतं आणि तिथे पित्तरसही असतो, त्यामुळे तिथली वस्ती विरळ असते. मोठ्या आतड्यात मात्र एका ग्रॅममध्ये सुमारे दहा हजार कोटी जिवाणू सापडतात. शरीरातल्या पेशींच्या दहापट जिवाणू असतात, असं पूर्वी सांगितलं जायचं. २०१६ साली इस्रायलमधल्या वाइझमन संस्थेच्या संशोधकांनी हा हिशोब नव्यानं मांडला. त्यांच्या मते ७० किलो वजनाच्या पुरुषात साधारण ३८ लाख कोटी जिवाणू आणि ३० लाख कोटी स्वतःच्या पेशी असतात. म्हणजे जवळपास बरोबरी. त्या सगळ्या जिवाणूंचं वजन मिळून सुमारे २०० ग्रॅम भरतं.

जिवाणूंची वस्ती मोठ्या आतड्यात आहे एवढं लक्षात ठेवा. पुढची निम्मी उत्तरं त्यावरच उभी आहेत.

२. हे जिवाणू कोणकोणती जीवनसत्त्वं तयार करतात?

जीवनसत्त्व के-२ आणि बी गटातली आठही: थायमिन (बी-१), रायबोफ्लेविन (बी-२), नायसिन (बी-३), पँटोथेनिक ॲसिड (बी-५), बी-६, बायोटिन (बी-७), फोलेट (बी-९) आणि बी-१२. एकच जिवाणू हे सगळं करत नाही. एकाला थायमिन जमतं, दुसऱ्याला फोलेट, आणि बरेच जण शेजाऱ्यानं तयार केलेल्यावर जगतात.

ए, सी, डी आणि ई यांच्या बाबतीत जिवाणूंकडून काही अपेक्षा ठेवू नका. डी साठी त्वचेवर ऊन लागतं, बाकीची अन्नातून यावी लागतात.

३. जिवाणू हे सगळं आपल्यासाठी करतात का?

नाही, स्वतःसाठी करतात. ऑक्सिजन नसलेल्या मोठ्या आतड्यात ऊर्जा मिळवताना इलेक्ट्रॉन इकडून तिकडे न्यायला त्यांना के-२ लागतं, म्हणून ते त्यांच्या पेशीच्या आवरणातच बसवलेलं असतं. बी गटातली जीवनसत्त्वं त्यांच्या एन्झाइमांना लागतात. आपल्या वाट्याला येतं ते सांडलेलं, उरलेलं, किंवा जिवाणू मेल्यावर मोकळं झालेलं. ‘मित्र जिवाणू’ वगैरे शब्द ऐकायला छान वाटतात, पण त्यातूनच पुष्कळ गैरसमज सुरू होतात. जीवनसत्त्वाचा मोठा भाग ते परत एकमेकांतच वापरून टाकतात.

४. आतड्यात तयार झालेलं जीवनसत्त्व अंगी लागतं का?

काही लागतं, काही अजिबात नाही. तयार होणं आणि अंगी लागणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. या पानावरच्या बहुतेक प्रश्नांची गाठ इथेच सुटते.

अन्नातली जीवनसत्त्वं मुख्यतः लहान आतड्यात शोषली जातात. जिवाणू काम करतात त्याच्या पुढे, मोठ्या आतड्यात. तरीही मोठं आतडं अगदी कोरडं नाही. त्याच्या अस्तरातल्या पेशींवर बायोटिन, थायमिन आणि फोलेट आत ओढून घेणारी वाहक प्रथिनं सापडली आहेत. फोलेटबद्दल तर माणसांवर थेट प्रयोग झाला आहे. ओळखता येईल अशी खूण असलेलं फोलेट नळीनं मोठ्या आतड्यात सोडलं, आणि काही वेळानं ते रक्तात दिसलं. लहान आतड्यापेक्षा शोषणाचा वेग कमी होता, पण शोषण झालं हे नक्की.

के-२ चं जरा अडतं. ते स्निग्ध पदार्थात विरघळणारं आहे, शोषायला पित्तरस लागतो आणि मोठ्या आतड्यापर्यंत पित्तरस फारसा पोचत नाही. त्यात ते जिवाणूंच्या आवरणात अडकलेलं. म्हणून थोडंसंच मिळत असावं, असं मानतात. बी-१२ ची गोष्ट सगळ्यात निराळी आहे, ती पुढे.

५. बी-१२ तर फक्त जिवाणूच बनवतात. मग माझ्या पोटातले जिवाणू मला ते का देत नाहीत?

पहिलं वाक्य बरोबर आहे. बी-१२ कोणतीही वनस्पती बनवत नाही, कोणताही प्राणी बनवत नाही. ते काम काही जिवाणू आणि त्यांचे दूरचे भाईबंद आर्किया यांचंच. रेणू इतका गुंतागुंतीचा की तो तयार करायला जिवाणूंना सुमारे ३० पायऱ्या लागतात.

आता तो शोषला कसा जातो ते पाहा. अन्नातलं बी-१२ जठरातल्या आम्लामुळे प्रथिनांपासून सुटं होतं. जठराच्याच पेशी ‘इन्ट्रिन्सिक फॅक्टर’ नावाचं एक प्रथिन सोडतात. बी-१२ आधी लाळेतल्या एका प्रथिनाला चिकटतं, मग लहान आतड्यात या इन्ट्रिन्सिक फॅक्टरला. ही जोडी लहान आतड्याच्या अगदी शेवटच्या भागात पोचली की तिथल्या पेशी तिला ओळखून आत घेतात. ओळखणारी ही जागा दुसरीकडे कुठेही नाही. मोठं आतडं त्याच्यानंतर सुरू होतं. शेताच्या खालच्या बांधाला सोडलेलं पाणी वरच्या वाफ्याला चढत नाही, तसंच हे. मोठ्या आतड्यात तयार झालेलं बी-१२ विष्ठेतून बाहेर जातं.

आणखी दोन अडचणी आहेत. जिवाणू जे बनवतात त्यातला बराच भाग खरं बी-१२ नसतोच. रचना जवळपास तीच, पण एक तुकडा वेगळा, आणि आपल्या शरीराला तो चालत नाही. दुसरं म्हणजे आतड्यातले कित्येक जिवाणू स्वतःच बी-१२ चे गिऱ्हाईक आहेत. बॅक्टेरॉइडीज गटातल्या जिवाणूंच्या पृष्ठभागावर बी-१२ पकडणारं एक प्रथिन सापडलं आहे. त्याची पकड इतकी घट्ट आहे की प्रयोगशाळेत ते इन्ट्रिन्सिक फॅक्टरकडूनही बी-१२ हिसकावून घेतं.

या नियमाला एक अपवाद भारतातूनच पुढे आला, तो प्रश्न ७ मध्ये.

६. गायी-म्हशी नुसता चारा खातात. त्यांना बी-१२ कुठून मिळतं?

त्यांच्या पोटातल्या जिवाणूंकडूनच. फरक जागेचा आहे. रवंथ करणाऱ्या जनावरांमध्ये जिवाणूंचं मोठं कोठार पोटाच्या पहिल्याच कप्प्यात असतं. तिथे तयार झालेलं बी-१२ पुढे लहान आतड्यातून जातं आणि रीतसर शोषलं जातं. त्यासाठी चाऱ्यात कोबाल्ट मात्र हवं, कारण बी-१२ च्या रेणूच्या मध्यभागी कोबाल्टचा अणू असतो. न्यूझीलंड आणि ऑस्ट्रेलियात काही भागांतली मेंढरं आणि गुरं भरपूर गवत असूनही खंगून मरायची. १९३० च्या दशकात कळलं की तिथल्या मातीत कोबाल्टच कमी आहे.

सशाचं मोठं आतडं आपल्यासारखंच उशिरा येतं. ससा त्यावर वेगळा उपाय करतो: रात्री पडणाऱ्या मऊ लेंड्या तो परत खातो, म्हणजे जीवनसत्त्वं दुसऱ्या फेरीत लहान आतड्यातून जातात. उंदीरही विष्ठा खातात. म्हणून जीवनसत्त्वांवरच्या प्रयोगांत उंदरांचे पिंजरे जाळीच्या तळाचे ठेवावे लागतात, नाहीतर कमतरता लवकर दिसतच नाही.

७. आमच्या आज्या-पणज्या शुद्ध शाकाहारी होत्या. त्यांना कुठे बी-१२ च्या गोळ्या लागल्या?

सगळ्यात जास्त येणारा प्रश्न हाच आहे, आणि तो रागानं विचारला जातो. त्यामागे घरच्या जेवणाबद्दलची माया आहे, हे मी समजू शकते. तरी उत्तर सरळ द्यायला हवं.

आजीचं बी-१२ कुणी मोजलंच नव्हतं. थकवा, हातापायाला मुंग्या, जीभ लाल होऊन चुरचुरणं, विसराळूपणा हे सगळं ‘वय झालं’ या सदरात जायचं. मोजायला सुरुवात झाली तेव्हा काय दिसलं ते महाराष्ट्रातच दिसलं. पुण्याच्या केईएम हॉस्पिटलच्या संशोधन केंद्रात डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गावातले, झोपडपट्टीतले आणि शहरी मध्यमवर्गातले असे ४४१ मध्यमवयीन पुरुष तपासले. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात सुमारे दोन-तृतीयांश पुरुषांचं बी-१२ कमी निघालं, आणि सगळ्यात वाईट स्थिती शहरी मध्यमवर्गाची होती. त्याच संस्थेनं १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांत गरोदर बायांचा आणि पुढे त्यांच्या मुलांचा अभ्यास सुरू केला. त्या आयांमध्येही बी-१२ ची कमतरता सर्रास होती. ज्यांचं बी-१२ कमी आणि फोलेट जास्त, त्यांच्या मुलांच्या शरीरात सहाव्या वर्षी इन्सुलिनचा परिणाम सगळ्यात कमी होत होता. मोठेपणी मधुमेहाकडे जाणारी ही वाट आहे. आतड्यातले जिवाणू पुरेसं बी-१२ देत असते तर हे आकडे आलेच नसते.

कमतरता चटकन दिसत का नाही, याचंही कारण आहे. शरीरात, मुख्यतः यकृतात, २ ते ५ मिलिग्रॅम बी-१२ साठवलेलं असतं आणि रोजची गरज फक्त दोन-अडीच मायक्रोग्रॅमची. साठा भरलेला असेल तर तो काही वर्षं पुरतो. दूधदुभतं भरपूर असलेल्या घरात थोडी भर पडत राहायची.

आता तो अपवाद. १९८० साली वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजच्या संशोधकांनी ‘नेचर’मध्ये लिहिलं की दक्षिण भारतातल्या निरोगी माणसांच्या लहान आतड्यात क्लेब्सिएला आणि सुडोमोनास जातीचे जिवाणू सापडले आणि ते बी-१२ तयार करत होते. लहान आतडं म्हणजे शोषणाच्या जागेच्या अलीकडे, त्यामुळे ते थोडंफार अंगी लागू शकतं. हा अभ्यास मोलाचा आहे. पण त्यावर विसंबून कुणी गोळी बंद करू नये. अशी वस्ती प्रत्येकात असेलच असं नाही, आणि पुण्याचे आकडे डोळ्यांसमोर आहेत.

८. भाज्या न धुता खाल्ल्या तर मातीतल्या जिवाणूंचं बी-१२ मिळेल का?

नगण्य. त्याच्या मोबदल्यात जंत, कावीळ आणि टायफॉइड मात्र मिळू शकतात. भाज्या धुऊनच घ्या.

९. दही, ताक, इडली, आंबील यांतून बी-१२ मिळतं ना?

दुधातून मिळतं, एका मोठ्या कपात साधारण एक मायक्रोग्रॅम. दह्यात असतं ते मुळात त्या दुधातलंच. विरजणाचे जिवाणू त्यात भर घालत नाहीत, उलट त्यातलं थोडं वापरतात. दही खावं, त्याचे दुसरे फायदे आहेत, पण ‘दही लावल्यानं बी-१२ वाढतं’ हे खरं नाही. ताकात पाणी जितकं जास्त तितकं बी-१२ कमी, एवढं साधं गणित.

इडली-डोशाचं पीठ किंवा नाचणीची आंबील आंबवणारे लॅक्टिक ॲसिड जिवाणू सहसा बी-१२ बनवत नाहीत. आंबवल्यानं फोलेट आणि रायबोफ्लेविन वाढू शकतं, आणि पचायला हलकं होतं. चीजच्या काही प्रकारांत आणि मुख्यतः स्विस चीजमध्ये प्रोपिओनीबॅक्टेरियम जातीचे जिवाणू वापरतात, ते खरोखर बी-१२ तयार करतात.

के-२ हवं असेल तर आंबवलेल्या पदार्थांत जपानी नाट्टोला तोड नाही. सोयाबीनवर बॅसिलस सबटिलिस वाढवून ते करतात. त्याची चव मराठी जिभेला पटेल की नाही, हा वेगळा प्रश्न.

१०. स्पिरुलिनाच्या डब्यावर बी-१२ लिहिलेलं असतं. ते चालेल?

नाही. त्यात मुख्यतः प्रश्न ५ मध्ये सांगितलेला, बी-१२ सारखाच दिसणारा पण शरीराला न चालणारा रेणू असतो. तपासणीत तो बी-१२ म्हणून मोजला जातो, शरीराच्या उपयोगी पडत नाही.

११. बी-१२ ची गोळी शाकाहारी असते का?

औषधातलं बी-१२ मोठ्या टाक्यांमध्ये जिवाणू वाढवून मिळवतात, त्यामुळे ते मुळात शाकाहारीच. रॉबर्ट वुडवर्ड आणि आल्बर्ट एशेनमोझर यांनी १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला ते प्रयोगशाळेत पहिल्यापासून घडवलं. त्यासाठी सुमारे १०० रसायनशास्त्रज्ञांनी दहा वर्षांहून जास्त काळ खपावं लागलं. कारखान्यात ती वाट कुणी धरत नाही, जिवाणूंना ते काम जास्त चांगलं जमतं. कॅप्सूल असेल तर तिचं वेष्टण जिलेटिनचं आहे का तेवढं पाहा.

१२. बाळ जन्मल्याबरोबर त्याला व्हिटॅमिन के चं इंजेक्शन का देतात? निसर्गानं काही सोय केलीच असेल ना?

हे इंजेक्शन टाळू नका. यावर मी कुठलीही तडजोड सुचवणार नाही.

रक्त गोठवणारी काही प्रथिनं यकृतात तयार होतात, आणि ती कामाची व्हायला जीवनसत्त्व के लागतं. आईच्या रक्तातून वारेतून बाळाकडे ते फार कमी जातं. आईच्या दुधातही ते फार कमी असतं, आई कितीही पालेभाज्या खात असली तरी. जन्मताना बाळाच्या आतड्यात के बनवणाऱ्या जिवाणूंची वस्ती नसते. पुढे अंगावर पिणाऱ्या बाळाच्या आतड्यात बिफिडोबॅक्टेरिया बहरतात. ते बाळासाठी चांगलेच, पण ते के-२ बनवत नाहीत. म्हणजे ज्या जिवाणूंच्या भरवशावर आपण ‘निसर्गाची सोय’ म्हणतो, ते अजून आलेलेच नसतात.

परिणाम म्हणजे रक्तस्राव. काही बाळांना पहिल्याच दिवशी, काहींना पहिल्या आठवड्यात नाळेतून, नाकातून किंवा शौचातून रक्त जातं. सगळ्यात भीतीदायक प्रकार उशिराचा. दोन आठवडे ते सहा महिने या काळात, वरून ठणठणीत दिसणाऱ्या, फक्त आईचं दूध पिणाऱ्या बाळाच्या मेंदूत अचानक रक्तस्राव होतो. काही बाळं दगावतात, काहींना कायमचं अपंगत्व येतं. हे टाळायला मांडीत एक मिलिग्रॅमचं एक इंजेक्शन पुरतं. एक किलोहून कमी वजनाच्या बाळाला अर्धा मिलिग्रॅम. १९९० च्या दशकात ब्रिटनमध्ये या इंजेक्शनाचा कॅन्सरशी संबंध असल्याची शंका आली होती. नंतरच्या मोठ्या अभ्यासांत ती खरी ठरली नाही.

बाळ घरी किंवा प्रवासात जन्मलं असेल तर लवकरात लवकर दवाखान्यात नेऊन इंजेक्शन दिल्याची खात्री करा. अंगावर पाजणं मात्र चालूच ठेवा.

१३. मोठ्या माणसांना जिवाणूंचं के-२ पुरतं का?

प्राण्यांमध्ये जिवाणूंचा वाटा स्पष्ट दिसला आहे. जिवाणूरहित वाढवलेल्या उंदरांना के नसलेलं खाणं दिलं की ते रक्तस्रावानं आजारी पडतात. नेहमीच्या उंदरांचं त्याच खाण्यावर निभावतं. पण उंदीर काय करतात ते प्रश्न ६ मध्ये आहेच.

माणसाची मुख्य भिस्त अन्नावर आहे: मेथी, पालक, शेपू, माठ, अळू, कोथिंबीर यांतलं के-१. रोज एखादी पालेभाजी असलेल्या घरात के ची कमतरता सहसा होत नाही. तेलाच्या फोडणीत केली तर शोषण आणखी बरं होतं. या जीवनसत्त्वाचा शोध डेन्मार्कच्या हेन्रिक डाम यांनी स्निग्ध पदार्थ नसलेलं खाणं दिलेल्या कोंबडीच्या पिल्लांवरून लावला. अमेरिकेच्या एडवर्ड डॉयझींनी के-१ अल्फाल्फा गवतातून आणि के-२ सडलेल्या मासळीच्या भुकटीतून वेगळं केलं. दोघांना मिळून १९४३ सालचं नोबेल मिळालं.

१४. मी रक्त पातळ करायची गोळी घेतो. मला याचा काही संबंध आहे का?

वॉरफरिन किंवा ॲसिनोकुमारॉल घेत असाल तर आहे. ही औषधं जीवनसत्त्व के चं काम अडवूनच रक्त पातळ ठेवतात. पालेभाजी बंद करू नका, पण प्रमाण आठवडाभर साधारण सारखं ठेवा. अँटिबायोटिक सुरू होत असेल तर डॉक्टरांना या गोळीबद्दल आधी सांगा, आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो ते दाखवणारा आकडा) लवकर तपासावा लागेल. आतड्यातले जिवाणू कमी होणं हे त्याचं एकच कारण नाही. मेट्रोनिडाझोल आणि कोट्रायमॉक्साझोल यांसारखी औषधं यकृतात वॉरफरिनचा निचराही मंदावतात. रक्त पातळ करणाऱ्या नव्या गोळ्यांचा (अपिक्साबान, रिव्हारोक्साबान, डाबिगाट्रान) जीवनसत्त्व के शी संबंध नाही.

१५. अँटिबायोटिकसोबत बी-कॉम्प्लेक्स घ्यायलाच हवं का?

नीट जेवणाऱ्या माणसाला पाच-सात दिवसांच्या औषधानं जीवनसत्त्वाची कमतरता होत नाही. सवयीनं लिहून दिलेली बी-कॉम्प्लेक्सची गोळी बहुतेकदा गरजेची नसते, अपायही करत नाही. (लघवी गर्द पिवळी होते ती त्यातल्या रायबोफ्लेविनमुळे.)

खरा धोका वेगळ्या परिस्थितीत असतो. रुग्ण बरेच दिवस आयसीयूमध्ये आहे, तोंडानं खाणं बंद आहे, आणि जोरदार अँटिबायोटिक चालू आहेत. तेव्हा के चे दोन्ही मार्ग बंद होतात आणि रक्त गोठायला वेळ लागू लागतो. सेफोपेराझोनसारखी काही इंजेक्शनं शरीरातलं के चं चक्र थेट अडवतात, त्यामुळे अडचण वाढते. अशा वेळी डॉक्टर के चं इंजेक्शन देतात.

१६. फोलेट आतड्यात बनतं आणि शोषलंही जातं, मग गरोदरपणात फोलिक ॲसिड (गोळीतलं फोलेट) कशाला?

कारण गरज मोठी असते आणि वेळ हातात नसतो. बाळाच्या मेंदूचा आणि मणक्याचा पाया असलेली नळी गर्भधारणेनंतर चार आठवड्यांत बंद होते. बऱ्याच जणींना तेव्हा दिवस गेल्याचं कळलेलंही नसतं. म्हणून मूल होऊ देण्याचं ठरलं की तेव्हापासूनच रोज ४०० मायक्रोग्रॅम घ्यायला सांगतात. जिवाणूंचा वाटा प्रत्येकीत कमी-जास्त असतो, त्यावर ही जोखीम टाकता येत नाही.

फोलेटचा इतिहास तर मुंबईतूनच सुरू होतो. १९२८ साली डॉ. लूसी विल्स इंग्लंडहून मुंबईला आल्या. गिरणीत काम करणाऱ्या गरीब बायांना गरोदरपणात जीवघेणा पंडुरोग होत होता, त्याचा अभ्यास त्यांनी परळच्या हाफकिन संस्थेत केला. मार्माइट या यीस्टच्या स्वस्त अर्कानं बाया बऱ्या होतात हे त्यांनी १९३१ साली प्रसिद्ध केलं. त्यातला गुणकारी घटक म्हणजे फोलेट, हे बऱ्याच नंतर कळलं. परळ-लालबागच्या बायांनी वैद्यकाला दिलेली ही देणगी आपल्याकडे फार कमी जणांना ठाऊक आहे, म्हणून इथे मुद्दाम सांगितली.

एक सावधगिरी: बी-१२ कमी असताना नुसतं फोलिक ॲसिड घेऊ नका. प्रश्न ७ मधला पुण्याचा अभ्यास आणि प्रश्न २१ वाचा.

१७. केस गळतात म्हणून बायोटिन घेते. आतड्यातलं पुरत नाही का?

बायोटिनची खरी कमतरता विरळा. सतत कच्ची अंडी खाणाऱ्यांना ती होऊ शकते, कारण कच्च्या पांढऱ्या बलकातलं ॲव्हिडिन बायोटिनला धरून ठेवतं. अंडं शिजवलं की प्रश्न मिटतो. केसांसाठीच्या गोळ्यांत गरजेच्या कित्येक पट बायोटिन असतं. त्यामुळे थायरॉइडचे आणि हृदयविकारासाठी होणाऱ्या ट्रोपोनिनचे रिपोर्ट चुकीचे येऊ शकतात. रक्त द्यायच्या आधी लॅबमध्ये सांगा.

१८. ‘८६ टक्के बी-६ आतड्यातच तयार होतं’ असा मेसेज फिरतोय. खरं आहे का?

आकडा खऱ्या अभ्यासातला, अर्थ लावलाय चुकीचा. २०१५ साली आतड्यातल्या २५६ जिवाणूंचे जनुकसंच तपासून संशोधकांनी संगणकावर अंदाज केला की ते रोजच्या गरजेच्या किती टक्के जीवनसत्त्व बनवू शकतील. बी-६ साठी ८६, फोलेटसाठी ३७, बी-१२ साठी ३१, नायसिनसाठी २७ असे आकडे आले. ते ‘बनू शकेल’चे आकडे आहेत. अंगी किती लागेल हे त्यांतून कळत नाही, आणि बी-१२ चं काय होतं ते प्रश्न ५ मध्ये वाचलंच असेल.

१९. एवढं सगळं बाहेरूनच घ्यायचं, तर या जिवाणूंची काळजी घ्यायची कशाला? आणि प्रोबायोटिक कॅप्सूल, मायक्रोबायोम टेस्ट वगैरेंचं काय?

काळजी जरूर घ्या. जीवनसत्त्वांसाठी नव्हे, इतर कारणांसाठी. आपल्याला न पचणारा चोथा हे जिवाणू आंबवतात आणि त्यातून ब्युटिरेट तयार होतं. मोठ्या आतड्याच्या अस्तरातल्या पेशी मुख्यतः त्यावरच जगतात. रायबोफ्लेविन बनवताना जिवाणूंकडून जे अर्धवट तुकडे बाहेर पडतात, ते ओळखून आपल्या रोगप्रतिकारक पेशींचा एक खास गट जागा होतो. जीवनसत्त्व मिळो न मिळो, त्याच्या कच्च्या मालावरून शरीर जिवाणूंची चाहूल घेतं. मला या सगळ्या विषयात ही गोष्ट सर्वांत विलक्षण वाटते.

त्यासाठी खर्च लागत नाही. ज्वारी-बाजरीची भाकरी, सालीसकट डाळी, मोडाची कडधान्यं, कच्ची केळी, शेवग्याच्या शेंगा, शिजवून थंड केलेला भात हे जिवाणूंचं खाणं आहे. जीवनसत्त्वासाठी म्हणून प्रोबायोटिक कॅप्सूल घेण्यात अर्थ नाही. शौचाच्या महागड्या मायक्रोबायोम टेस्टमधून आतड्यात कोण राहतं हे दिसतं, तुमच्या रक्तात किती बी-१२ आहे हे दिसत नाही. ते हवं तर रक्ताची साधी तपासणी करा.

२०. मधुमेहाची गोळी, ॲसिडिटीची गोळी किंवा आतड्याचं ऑपरेशन यांमुळे फरक पडतो का?

पडतो. मेटफॉर्मिन अनेक वर्षं घेतल्यास बी-१२ चं शोषण कमी होतं. पायांना मुंग्या आल्या की ‘शुगरमुळे’ असं गृहीत न धरता बी-१२ तपासा. पँटोप्राझोल, ओमेप्राझोल यांसारख्या गोळ्यांनी आम्ल घटतं, त्यामुळे अन्नातलं बी-१२ सुटं होत नाही. गोळीतलं बी-१२ आधीच सुटं असतं, त्याला आम्ल लागत नाही. ही औषधं आपल्या मनानं बंद मात्र करू नका.

आतड्याचा क्षयरोग किंवा क्रोन्स (आतड्याला सूज आणणारा दीर्घकाळचा आजार) यामुळे लहान आतड्याचा शेवटचा भाग काढला असेल तर बी-१२ ची ओळखणारी जागाच गेली. मग इंजेक्शन किंवा रोज १००० मायक्रोग्रॅमची गोळी, तीही बहुधा आयुष्यभर. मोठ्या मात्रेतलं साधारण एक टक्का इन्ट्रिन्सिक फॅक्टरशिवायही आत झिरपतं, म्हणजे सुमारे १० मायक्रोग्रॅम, आणि तेवढं गरजेला पुरतं.

२१. रिपोर्टमध्ये बी-१२ कमी आणि फोलेट जास्त आलंय. फोलिक ॲसिड तर मी घेतच नाही. हे कसं?

आधी घरातल्या सगळ्या गोळ्यांची पाकिटं वाचा, मल्टिव्हिटॅमिन आणि प्रोटीन पावडरसकट. फोलिक ॲसिड बऱ्याचदा तिथे सापडतं. ते खरोखर कुठेच नसेल तर जिवाणू चुकीच्या जागी वाढले असण्याची शक्यता असते.

पूर्वीच्या ऑपरेशनमुळे, आतड्याला पीळ किंवा अरुंदपणा आल्यामुळे, किंवा जुन्या मधुमेहात आतड्याची हालचाल मंदावल्यामुळे लहान आतड्यात जिवाणूंची गर्दी होते. प्रश्न ५ मधलं चित्र मग उलटं होतं. हे जिवाणू अन्नातलं बी-१२ शोषणाच्या जागी पोचायच्या आधीच फस्त करतात, आणि फोलेट नेमकं जिथे चांगलं शोषलं जातं तिथेच तयार करतात. म्हणून एक खाली, एक वर. वेल्लोरच्या अभ्यासातल्या निरोगी माणसांत (प्रश्न ७) वस्ती लहान आतड्यातच होती, पण गर्दी नव्हती. सोबत पोट फुगणं, जुलाब, वजन घटणं असेल तर पोटविकारतज्ज्ञांना दाखवा. ते श्वासाची तपासणी सुचवू शकतात. उपचारात अँटिबायोटिक, मूळ कारणावर इलाज आणि बी-१२ चं इंजेक्शन असतं.

हिमोग्लोबिन कमी आहे म्हणून यात नुसतं फोलिक ॲसिड सुरू केलं तर रक्ताचा रिपोर्ट सुधारतो आणि मज्जातंतूंचं नुकसान आतल्या आत चालू राहतं. तोल जाणं, पायाखालची जमीन नीट न जाणवणं अशी लक्षणं असतील तर तपासणीच्या तारखेची वाट न पाहता त्याच आठवड्यात डॉक्टरांकडे जा, आणि जाताना जुने रिपोर्ट, चालू गोळ्यांची यादी आणि पोटाच्या ऑपरेशनचे कागद सोबत न्या.